तीन एकर विकण्याआधी

यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या भाऊंचा प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, 71 टक्के, चष्म्याचा नंबर अडीच. जळगावच्या एका हॉटेलात कन्सल्टन्सीचा सेमिनार झाला. तिथे सांगितलं, चौदा महिने अमेरिकेत पायलटचं ट्रेनिंग, सगळं धरून 62 लाख, पुढे तिथेच नोकरी, आणि जुलैआधी बुकिंग केलं तर पाच लाख सूट. भाऊंचा सहा एकर बाग आहे, त्यातले तीन विकायला ते तयार आहेत. विचारतात, विकू का?

भाऊ, आत्ता नका विकू. पोरीला पायलट करू नका असं मी म्हणत नाही. जमीन विकायची वेळ कधी येते, मुळात येते का, हे कळायला अजून सहा-आठ महिने आहेत, आणि तेवढ्या महिन्यांचा खर्च एका कापणीच्या पैशात भागतो. हे सांगायचा मला थोडा अधिकार आहे. मी अमळनेरचा. 2007 साली अमेरिकेत शिकायला गेलो, 2008 मध्ये लायसन्स घेऊन परत आलो आणि पहिली नोकरी लागली 2011 मध्ये. मधली तीन वर्षं अमळनेरातच एका क्लासमध्ये गणित शिकवत होतो. बाजारात भेटेल तो विचारायचा, "काय करस रे आते?" आज आखातातल्या एका कंपनीत एअरबसवर कॅप्टन आहे. तुम्हाला जे परदेशातलं काम हवंय ते मी करतो, पण त्या कामापर्यंत मी ज्या रस्त्यानं पोचलो तो त्या हॉटेलात सांगितलेला नव्हता.

आधी तिथेच नोकरी, ही गोष्ट. लायसन्स आणि काम करायची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सेमिनारमध्ये दोन्हींची एकच पुडी बांधून देतात. अमेरिकेतल्या बहुतेक फ्लाइंग स्कूल परदेशी मुलांना एम-1 व्हिसावर घेतात. त्यावर शिकता येतं, नोकरी करता येत नाही. कोर्स संपल्यावर प्रात्यक्षिक कामाची मुभा मिळाली तरी ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची. काही मोजक्या संस्था आणि विमानचालनाची पदवी देणारी विद्यापीठं एफ-1 व्हिसा देतात. त्यात वर्षभर काम करता येतं आणि मुलं त्या वर्षात इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवतात. पण अमेरिकेच्या एअरलाइनला एटीपी, म्हणजे एअरलाइन पायलटचं वरचं लायसन्स लागतं आणि त्याला साधारण 1,500 तास उडावं लागतं. 2009 साली बफेलोजवळ एक प्रवासी विमान पडलं, त्यानंतर तिथल्या संसदेनं कायदा केला आणि 2013 पासून को-पायलटलाही हाच नियम लागला. विद्यापीठातून आलेल्यांना त्यात थोडी सवलत आहे, तरी तीही हजारच्या खाली जात नाही. एवढे तास होईपर्यंत व्हिसा संपतो. आयटीवाल्या मुलांचा एच-1बी पायलटला सहसा मिळत नाही, कारण त्या कामाला विशिष्ट पदवीची सक्ती नाही. मग उरतं ग्रीन कार्ड, आणि भारतीयांची ती रांग किती लांब आहे हे तुमच्या गावातूनही कोणीतरी अमेरिकेला गेलेला असेल त्याला विचारा.

कॅनडात काही सरकारी कॉलेजांच्या कोर्सनंतर कामाचा परवाना मिळू शकतो, त्यामुळे तो रस्ता थोडा रुंद आहे, पण खर्च जास्त आणि नियम दरवर्षी हलतात. युरोपात एटीपीएलचे, म्हणजे तिथल्या एअरलाइन लायसन्सचे, 13 पेपर असतात आणि ते पास झालं तरी तिथल्या एअरलाइन आधी विचारतात, इथे राहायचा हक्क आहे का. दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंडचंही बहुतेक तेच. शिकायला या, फी भरा, तास करा आणि घरी जा.

मग भारतीय पायलट परदेशात दिसतात ते कुठून येतात? बहुतेक माझ्यासारखे. आधी भारतातल्या एअरलाइनमध्ये उडायचं, बोइंग किंवा एअरबसचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवायची मान्यता, आणि दोन-चार हजार तास गाठीला बांधायचे आणि मग बाहेरच्या कंपन्या तुम्हाला तयार माणूस म्हणून उचलतात. व्हिसा ते काढतात. आखातातल्या मोठ्या कंपन्या को-पायलटलाही जेटवरचे दोनेक हजार तास मागतात. 200 तासांच्या नव्या पोराला तिथे कोणी दारात उभं करत नाही. नवख्यांना घेऊन शिकवायच्या त्यांच्या कॅडेट योजना असतात, पण त्या बहुतेक त्यांच्या नागरिकांसाठी. म्हणजे तुमच्या लेकीचं परदेशातलं काम आजपासून सात-आठ वर्षांवर आहे आणि त्याचा रस्ता दिल्ली-मुंबईहून जातो. हे एकदा मान्य केलं की पुढचे सगळे हिशेब सोपे होतात.

तर प्रश्न असा उरतो: नोकरी भारतातच शोधायची असेल तर शिकायला बाहेर का जावं? याचं खरं उत्तर वेळ, आणि थोडं हवामान. तुमच्या बागेवरून जी लहान विमानं घिरट्या घालतात ती शिकाऊ मुलांची. जळगाव विमानतळावर फ्लाइंग स्कूल आहे, धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लब मुलांना शिकवतो, शिरपूरला तांडे गावाजवळ धावपट्टी आहे. महाराष्ट्रातच गोंदिया आहे, बारामती आहे. खान्देशाएवढे विमान शिकवणारे ग्रामीण भाग देशात फार नसतील. गंमत म्हणजे यातल्या कित्येक मुलांचे बाप पुण्या-मुंबईहून येऊन इथे खोली भाड्यानं घेतात, आणि आपण पोरीला फ्लोरिडात पाठवायचं बघतो.

पण इथली अडचणही खरी आहे. मे महिन्यात जळगावला 45 अंश होतात, तेव्हा हवा इतकी पातळ होते की समुद्रसपाटीपासून आठेकशे फुटांवरचा विमानतळ विमानाला साडेचार हजार फुटांवर असल्यासारखा वाटतो. सेसना 172 या शिकाऊ मुलांच्या विमानाचं इंजिन कमी ताकद देतं, पंख्याला हवा पुरेशी पकडता येत नाही, पंखांना उचल मिळायला जास्त वेग लागतो. धावपट्टी जास्त लागते, आणि वर चढताना बाजूची बाभळीची झाडं नको तितकी जवळ दिसतात. म्हणून उन्हाळ्यात पहाटे उडतात आणि दहा वाजता विमानं झाकून ठेवतात. पुढे पावसाळा. त्यात विमान दुरुस्तीला गेलं, इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून गेला, की मुलं कॅरम खेळत बसतात. कागदावर दीड वर्षाचा कोर्स अडीच-तीन वर्षांवर गेलेला मी पाहिलाय. अमेरिकेत ॲरिझोना-टेक्सासकडे विमानं भरपूर, हवा मोकळी, एक मूल दिवसातून दोनदा उडतं. वर्षाच्या आत तास होतात. तुम्ही बाहेर जे पैसे देता ते या वेगाचे. तो वेग तुम्हाला परवडतो का, एवढंच ठरवायचं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आजही दर वर्षी दहा-वीस मुलं करतात. भारतात सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला 200 तास लागतात, त्यातले 100 तास पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला पायलट म्हणून. अमेरिकेत साधारण 250 लागतात आणि तिथेही 100 पीआयसी लागतात, म्हणून वाटतं की तिथलं झालं म्हणजे इथलं झालंच. पण पीआयसी मोजायची रीत वेगळी आहे. तिथे प्रायव्हेट लायसन्स झाल्यावर शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असला तरी कंट्रोल तुमच्या हातात असतील तर तो तास पीआयसी म्हणून लिहिता येतो. शिवाय दोन विद्यार्थी एकत्र जातात, एक बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर हूड लावून नुसत्या उपकरणांवर उडवतो, दुसरा सेफ्टी पायलट म्हणून बाहेर बघतो, आणि दोघंही तोच तास पीआयसीत लिहितात. तिथल्या कायद्यानं ते बरोबर आहे. आपल्या डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याकडे, इन्स्ट्रक्टरबरोबरचा तास म्हणजे ड्युअल, शिकण्याचा तास, आणि सेफ्टी पायलटचा तास चालत नाही. मी 258 तास घेऊन आलो होतो. दिल्लीत फाइल तपासली तेव्हा पीआयसी निघाले 89. अकरा तासांसाठी मला एका क्लबमध्ये पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. मध्ये पावसाळा आला, चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत जगातली मंदी आली आणि एअरलाइननं भरतीचे दरवाजे लावले. पुढची तीन वर्षं गणित शिकवण्यात गेली ती त्या अकरा तासांपायी, असं मी अजूनही मानतो. आमच्या शाळेत हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांना भारताचे नियम माहीत असायचं कारणही नव्हतं, आणि इथल्या एजंटाला माहीत असून गप्प राहायचं कारण होतं.

म्हणून पोरगी बाहेर गेलीच, तर पहिल्या दिवसापासून लॉगबुकात भारतीय हिशेबाचा वेगळा रकाना पेन्सिलनं ठेवायला सांगा. एकटीनं उडवलेले 100 तास, त्यातले क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्याकडे जाण्याचे, 20, एक 300 नॉटिकल मैलांचा लांब प्रवास दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून, उपकरणांवर 10, आणि रात्रीचे 5 तास, त्यात दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग. हे आकडे पूर्ण झाल्याशिवाय परतीचं तिकीट काढू नये. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांवर उडवायची मान्यता) आणि दोन इंजिनांचं रेटिंगही तिथेच करून यावं. एअरलाइनची जाहिरात निघते तेव्हा दोन्ही मागतात.

पण त्याच्या आधीची पायरी महत्त्वाची, आणि ती इथेच राहून होते. मेडिकल. आधी क्लास 2, मग क्लास 1, दोन्ही भारतात, डीजीसीएनं नेमलेल्या डॉक्टरांकडे आणि केंद्रांवर. चष्मा अडीचचा आहे म्हणून घाबरू नका, चष्म्यानं नजर पूर्ण होत असेल तर चालतं. आमच्या कॉकपिटमध्ये निम्मे लोक चष्मेवाले आहेत. रंगांधळेपणा मात्र निघाला तर विषय बहुतेक तिथेच संपतो, आणि तो अनेकांना त्या ठिपक्यांच्या पुस्तकासमोर बसेपर्यंत माहीत नसतो. कान, ईसीजी, रक्त सगळं तपासतात. मुलींना हिमोग्लोबिन कमी म्हणून तात्पुरतं अनफिट ठरवतात, तेव्हा आधी महिनाभर गूळ-शेंगदाणे आणि गोळ्या चालू करा. मी एका नातेवाइकाच्या मुलाला ओळखतो, फीचा पहिला हप्ता भरून झाल्यावर क्लास 1 ला गेला आणि हृदयाचं काही निघालं. त्या हप्त्यातला एक रुपया परत आला नाही.

मेडिकलबरोबर कागद. डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा नोंदणी क्रमांक काढावा लागतो, त्याशिवाय परीक्षा देता येत नाही. त्यासाठी बारावीची बोर्डाकडून पडताळणी लागते. आपलं बोर्ड नाशिक विभागाचं. इथे आपल्याकडची खास भानगड म्हणजे नाव. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर मुलीचं नाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव गायब, आणि एखाद्या ठिकाणी आडनावातला 'पाटील' आणि गावाच्या नावाचं आडनाव यांची अदलाबदल. दहावी, बारावी, आधार, पासपोर्ट अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. हे सरळ करायलाच लोकांचे तीन महिने जातात, तेव्हा आजच काढून टेबलावर मांडा. फिजिक्स आणि गणित दोन्ही बारावीत आहेत ना, तेही बघा. कोणी गणित सोडून बायो घेतलं असेल तर मुक्त विद्यालयातून तो एक विषय करता येतो.

मग पेपर. एअर रेग्युलेशन, मीटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन आणि टेक्निकलचे, प्रत्येकाला 70 टक्के. परदेशी लायसन्सवाल्यांना परत आल्यावर रेग्युलेशन आणि नेव्हिगेशन-मीटिऑरॉलॉजीचा एकत्र पेपर द्यावा लागतो, पण माझा सल्ला आहे की जायच्या आधीच इथले पेपर काढून टाकावेत. दोन कारणं. एक, परत आल्यावर कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे परदेशी लायसन्सचं भारतीय करून घेण्यात, लोक सहा-सहा महिने लटकतात आणि हातातली उडण्याची सवय जाते. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. ही परीक्षा दिली की पोरीला स्वतःलाच कळतं की हे आपलं काम आहे का. ढगांच्या प्रकारात, वाऱ्याच्या त्रिकोणात तिला रस वाटला, तीन-चार महिन्यांत पेपर निघाले, तर पुढे जा. नाही निघाले तर खर्च झाला दीड-दोन लाख आणि बाग जिथल्या तिथे.

रेडिओचं वेगळं सांगतो. आरटीआर नावाची परीक्षा आहे, पूर्वी दूरसंचार खात्याची होती, 2025 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानं ती डीजीसीएकडे आली. आपल्या मुलांची खरी भीती इथे असते. पोरगी मराठी माध्यमाची असेल तर तिला वाटेल इंग्रजी जमणार नाही. रेडिओवर लागणारी इंग्रजी म्हणजे दोनेकशे ठरलेली वाक्यं आहेत, त्यात कविता करायची नसते. नियमानं लेव्हल 4 पुरते. उच्चार अमळनेरचा राहिला तरी कोणी हसत नाही, टॉवरमधला माणूसही कुठल्यातरी गावचाच असतो. मी पहिल्या सोलोला, पहिल्यांदा एकटा उडालो तेव्हा, टॉवरनं दिलेली सूचना परत म्हणायची विसरलो आणि नुसतं "ओके" म्हणालो. तो अमेरिकन कंट्रोलर थांबला, आणि शांतपणे तीच सूचना तीनदा म्हणाला, मी पूर्ण परत म्हणेपर्यंत. तेवढं शिकलं की झालं.

आता पैसा. सेमिनारच्या 62 लाखांत काय नाही ते लिहून घ्या: जादा तास, परीक्षकाची फी, नापास झालं तर पुन्हा परीक्षेची फी, राहणं-खाणं, इन्शुरन्स, परत आल्यावरचं कन्व्हर्जन आणि टाइप रेटिंग. टाइप रेटिंग म्हणजे एअरबस 320 सारखं ठरावीक विमान शिकणं, त्याला 15 ते 25 लाख, आणि बऱ्याचदा तो खर्च मुलानंच करायचा असतो. माझा अंदाज, सगळं मिळून 85 लाखांच्या खाली येत नाही. आणि इथे एक गोष्ट आपल्या लोकांना बँकेत गेल्यावरच कळते. एज्युकेशन लोनला बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत, त्यांना एनए प्लॉट, गावठाणातलं घर किंवा एफडी लागते. म्हणून माणूस वैतागून जमीन विकायला निघतो. जळगावात कुणा भावाचा, मेव्हण्याचा प्लॉट असेल तर आधी त्या बाजूनं विचार करा. परदेशी पैसे पाठवताना ठरावीक रकमेच्या वर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, तो परत मिळवायला इन्कम टॅक्स रिटर्न भरावं लागतं, जे शेतीवाले आपण सहसा भरत नाही. बँकेच्या एज्युकेशन लोनमधून गेलेल्या रकमेवर तो कापत नाहीत.

आणि पैसे कधीही एकदम देऊ नका. उडलेल्या तासांप्रमाणे, दहा-दहा तासांचे हप्ते. सूट मिळते म्हणून सगळं आगाऊ भरलेल्या मुलांची शाळाच एके सकाळी कुलूप लावून गायब झाली, असं माझ्या काळातही झालं. त्यातले दोघे माझे रूममेट होते.

नोकरीचं काय, हेही खोटं गोड करून सांगत नाही. 2023 मध्ये एअर इंडियानं 470 आणि इंडिगोनं 500 विमानांची ऑर्डर दिली, तेव्हापासून प्रत्येक सेमिनारमध्ये हे आकडे पडद्यावर असतात. पण त्याच वर्षी डीजीसीएनं 1,600 वर नवी सीपीएल दिली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट बंद पडली. विमानं येतात ती दहा वर्षांत, मुलं रांगेत उभी राहतात आज. कमतरता आहे ती कॅप्टनची, अनुभवी माणसाची. नव्या लायसन्सवाल्याला वर्ष, कधी दोन वर्षं थांबावं लागतं, आणि त्या काळात व्याज थांबत नाही. म्हणून एअरलाइनच्या स्वतःच्या कॅडेट योजना आधी बघा. महाग असतात, पण निवड आधी होते, शिक्षण नंतर, आणि काहींचं शिक्षण बाहेरच्याच शाळेत असतं. निवडीत नापास झाली तर परीक्षेच्या फीवर भागतं.

मुलगी आहे म्हणून नातेवाईक काही बोलत असतील तर एक सांगून ठेवा: भारतात एअरलाइन पायलटमध्ये बायकांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आहे, जगातल्या सगळ्यात जास्तपैकी. माझ्या शेजारच्या सीटवर बसलेल्या कितीतरी को-पायलट मुली छोट्या गावांतून आलेल्या होत्या.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. क्लास 2 मेडिकलची वेळ घ्या. चारही कागद समोर ठेवून नावं जुळवा. आणि त्या हॉटेलातल्या माणसाला फोन करून दोन गोष्टी लेखी मागा: पोरगी कोणत्या व्हिसावर जाणार, आणि कोर्स संपेल तेव्हा भारतीय नियमानं तिचे पीआयसी तास किती असतील. व्हॉट्सॲपवर तोंडी बोललेलं चालणार नाही, शाळेच्या लेटरहेडवर हवं. उत्तर आलं की मला कळवा. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी अमळनेरात असतो, लेकीला घेऊन या, तिचा मेडिकलचा रिपोर्ट आणि शाळेचा करार बरोबर आणा, ओसरीवर बसून एकेक ओळ वाचू.